पंपात अडकलेली कोथिंबीर

शशिधर टिपणीस हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहून एका नळीला शिव्या देत होता. माणसाला नव्हे, नळीला. आणि त्या शिव्या चांगल्या खणखणीत मराठीत होत्या, म्हणून तर मी कुंपणापाशी थांबलो. लीड्समध्ये येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मुलगा राजीव इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, सून सुमेधा शाळेत शिकवायला. दोघं सकाळी निघून गेली की मूरटाऊनच्या त्या घरात मी आणि फ्रिजची घरघर. अशात पलीकडून "मुडद्या, परत चिरलीस?" असं कानावर आलं आणि खरं सांगतो, मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"काय चिरलं हो?" मी कुंपणावरून विचारलं.

"नळी!" तो ओरडला. मग माझ्याकडे बघून आणखी मोठ्यानं ओरडला, "तुम्ही मराठी?"

मी मराठी आहे याचाही याला राग आलाय की काय, असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्यांचा साधा आवाजच तो होता. "मग बाहेर काय उभे? आत या! थंडी आत येतेय!" असं म्हणून त्यांनी मला गॅरेजात घेतलं, आणि आमचं जमलं ते जमलंच.

मूळचे पेणचे. तरुणपणी इकडे आले आणि हॉस्पिटलात किडनीच्या रोग्यांचं रक्त धुणारी जी यंत्रं असतात ती दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी भेटलो तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, भुवया केवढ्या! आणि राग. या माणसाच्या रागाच्या गोष्टी सांगायला बसलो तर चहाची चार आधणं आटतील. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई "थोडा पाऊस" म्हणाली आणि धो धो पडला, की हे टीव्हीसमोर उभं राहून तिची झडती घ्यायचे. एकदा बसचालकानं ब्रेक दाबला आणि उभी असलेली एक म्हातारी गोरी बाई कोलमडली, तर यांनी बस थांबवायला लावून त्याला असं काही सुनावलं की शेवटी ती म्हातारीच म्हणाली, राहू दे रे बाबा, मला उतरायचंय. आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक आरती भराभरा उरकायला लागले तेव्हा यांनी टाळ थांबवून विचारलं, "कुणाची ट्रेन चुकतेय का? जायचंय त्यानं जा!" मग पहिल्यापासून, सावकाश, सगळी आरती परत. मला तर तो माणूस फार आवडला. आमच्या येरळेकाठच्या गावात असे तीन-चार जण होते. इथं एकच भेटला.

तर हे शशिधरराव घरी बिअर करायचे. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण बघायला काय हरकत आहे? हॉस्पिटलातल्या कुणा यॉर्कशरच्या माणसानं त्यांना नवखेपणी शिकवलं होतं. मोड आणून भाजलेले सातू गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचा गोड रस काढायचा, तो हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचा, निववायचा, यीस्ट घालून आंबवायचा आणि मग पिंपात भरून मुरू द्यायचा. ऐकायला सोपं. पण शशिधरराव म्हणायचे, "नाना, बिअर करायला काय, कुणीही करतो. ती या भांड्यातून त्या भांड्यात न्यायची कशी, तिथं लोक मरतात!"

पहिल्याच दिवशी मी मरता मरता वाचलो. ते नळीचं एक टोक वरच्या भांड्यात सोडून दुसरं हातात धरून उभे होते. गावाकडे रॉकेलच्या पिंपातून रॉकेल काढताना आपण काय करतो? टोक तोंडात धरून एक झुरका मारतो. मदत करावी म्हणून मी हात पुढे केला मात्र, त्यांनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"तोंड नाही! नाना, तोंड अजिबात नाही! सगळी उष्टी होईल!"

"अहो, मी ब्राह्मण थोडाच आहे उष्टंखरकटं बघायला," मी म्हटलं.

"ब्राह्मणाचं काय घेऊन बसलात! तुमच्या तोंडात जेवढे जंतू आहेत तेवढी लीड्समध्ये माणसं नाहीत!"

त्या दिवसानंतर ते नळीनं काढायचं सोडून पंप वापरायला लागले, असं मी अभिमानानं सांगतो. पंप म्हणजे काय, दोन मुठींएवढा. एका बाजूनं बिअर आत, दुसरीकडून बाहेर. पण त्याचं एक होतं. तो कोरडा चालवायचा नाही. भांड्याच्या खाली ठेवायचा, तोटी उघडायची, त्याच्या पोटात बिअर उतरू द्यायची आणि मगच बटण दाबायचं. मला ते लगेच कळलं. आमच्या विहिरीवरच्या पंपालाही आधी बादलीभर पाणी पाजावं लागायचं. माझा चुलतभाऊ ज्ञानेश्वर एकदा पाणी न पाजताच इंजिन सुरू करून जेवायला गेला, आणि परत आला तेव्हा... पण ते राहू द्या, ज्ञानेश्वराचं सांगत बसलो तर टिपणीस मागे राहतील.

काम झालं की पंप आणि नळ्या धुऊन, औषधाच्या पाण्यानं जंतू मारून, वाळवून गॅरेजच्या खिळ्यावर टांगायच्या. त्या खिळ्याला कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या बायको आशाताई म्हणायच्या, "देवघरात हे हात न धुता जातात, आणि त्या खिळ्याजवळ मला आंघोळ करून जावं लागतं."

आता त्यांच्या मुलीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आलं. वरदा. जन्म लीड्सचा, नोकरी तिकडे लंडनजवळ स्लाऊला. मी आलो तेव्हा बाप-लेकीचं बोलणं बंद होतं. तिनं चांगली चाललेली नोकरी सोडून दुसरी धरली, यांनी फोनवर आवाज चढवला, तिनं फोन ठेवला. बस, एवढंच. दीड वर्ष ती फक्त आईला फोन करायची. आणि त्या वेळी शशिधरराव काय करायचे? शेजारच्या खोलीत पेपर उलटा धरून बसायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग दोन हजार सहाच्या जानेवारीत तिचा फोन आला आणि ती आशाताईंना म्हणाली, बाबांना दे. हे फोनवर आले. ती आपल्या लीड्सच्या मराठीत म्हणाली, "बाबा, माझा लग्न ठरलाय. इयनशी. मे महिन्यात. मला तुमच्याकडून दागिने वगैरे काही नको. मला लग्नात तुमचा बिअर पाहिजे. दुकानातला नाही. तुमचा."

शशिधरराव म्हणाले, "माणसं किती?"

झालं. दीड वर्षानंतरचं बोलणं हे एवढं. पण फोन ठेवून ते गॅरेजात गेले आणि मी आत डोकावलो तर भांडी घासत बसलेले. नाक लाल. "काय बघताय?" माझ्यावर खेकसले. "सर्दी झालीय!"

मार्चमध्ये त्यांनी लग्नाची बिअर लावली. मोठ्या भांड्यांत आंबत होती. त्या दिवसांत गॅरेजाला कुलूप नव्हतं हीच चूक झाली.

मंडळाचा पाडवा असतो, एका चर्चच्या हॉलमध्ये. दीडशेएक माणसांचं जेवण. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, आणि मठ्ठा आशाताईंचा. ताक घुसळून, आलं, मिरची, जिरं, हिंग, वर कोथिंबीर. तो मठ्ठा लोक दोन-दोन पेले पितात. आदल्या वर्षी मोठ्या पातेल्यातून डब्यांत ओतताना तो मंडळाचा सेक्रेटरी मोहन जोगळेकर याच्या गाडीत सांडला होता आणि उन्हाळाभर त्या गाडीत कुणी बसत नव्हतं. मोहन विम्याच्या कंपनीत मोठा माणूस, बोलायला गोड, हसायला पुढे. या वर्षी तो मठ्ठा न्यायला आला तेव्हा शशिधरराव दाढदुखीसाठी डेंटिस्टकडे गेले होते. मोहननं गॅरेजात खिळ्यावर टांगलेला पंप पाहिला.

"वहिनी, हे काय भारी यंत्र आहे! पाच मिनिटांत डबे भरतील."

"अहो, नको, ह्यांना चालायचं नाही."

"ह्यांना कळलं तर ना! आणि खाण्यापिण्याचाच पंप आहे. गटाराचा थोडाच आहे?"

हे सगळं पुढे आशाताईंनीच सांगितलं. पंप पातेल्याखाली ठेवला, मठ्ठा डब्यांत गेला, थेंब सांडला नाही. आशाताईंनी नळ्या गरम पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुतल्या, पुसल्या, आणि होत्या तशाच, त्याच वळणात, खिळ्यावर टांगल्या. पाडवा छान झाला. मी तीन पेले मठ्ठा प्यायलो.

आठवड्यानं शशिधररावांनी त्याच पंपानं, त्याच नळ्यांनी लग्नाची सगळी बिअर पिंपांत भरली. औषधाचं पाणी फिरवलं होतंच की. पण लोण्याचा तवंग एकदा नळीला आतून धरला, की औषध वरून निघून जातं आणि आतल्या विरजणाला काही होत नाही. आपल्याकडे विरजणाचं भांडं कितीही घासा, त्यात दूध विरजतंच ना?

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी त्यांनी पहिलं पिंप चाखलं. मी समोरच बसलो होतो. त्यांनी घोट घेतला आणि तोंड असं झालं, जणू कुणी थोबाडीत मारली. दुसऱ्या पिंपातली घेतली. तिसऱ्या. मग मला म्हणाले, "नाना, वास घ्या."

मी घेतला. काय सांगू! आंबट, ताकासारखा, आणि मागून हळूच हिंग.

ते तडक उठले. खिळ्यावरून पंप काढला, स्क्रू सोडवले, झाकण उघडलं. आत जे चक्र फिरतं त्याच्या पात्यात कोथिंबिरीचं पान चिकटलेलं होतं, काळपट झालेलं. शेजारी अर्धं जिरं. त्यांनी पंप तसाच तळहातावर घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. आशाताई पोळ्या करत होत्या.

"हे काय आहे?"

आशाताईंनी पाहिलं. लाटणं थांबलं.

"मी विचारतोय, हे काय आहे!"

"कोथिंबीर."

"माझ्या पंपात कोथिंबीर कुठून आली? पंप बाजारात गेला होता? जुडी घेऊन आला?"

मग सगळं बाहेर आलं. मोहनचं, मठ्ठ्याचं, साबणाचं. आणि मग त्या घरात जो आवाज झाला! "माझ्या मुलीच्या लग्नाची बिअर! तिनं एक मागितलं माझ्याकडे! जन्मात एक! आणि तुम्ही त्यात हिंग घातलात!" मी मध्ये पडायला गेलो तर "नाना, तुम्हीपण प्यायलात ना तो मठ्ठा!" असं म्हणून माझ्यावरही घसरले. बरोबरच होतं. प्यायलोच होतो.

त्याच रविवारी दुपारी मोहनच्या घरी मंडळाच्या कमिटीची बैठक होती. शशिधररावांनी एका बाटलीत बिअर भरली आणि निघाले. मी म्हटलं मी येतो. बसमध्ये सगळी वाट ते त्या बाटलीकडे बघत होते, आणि मी मनात म्हणत होतो, आज जोगळेकरांच्या घराची कौलं उडणार.

उडाली नाहीत. मला अजूनही त्याचा राग येतो. दहा-बारा माणसं, चहा, चकल्या. शशिधररावांनी बाटली टेबलावर ठेवली आणि सांगितलं, हे असं झालं, पंप कुणी नेला, काय झालं. एकही शब्द चढ्या आवाजात नाही. मी घाबरलो. या माणसाचा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मोहननं बाटली उघडून हुंगली आणि हसायलाच लागला. "अरे शशी, मग झालं काय! मसाला बिअर! पेटंट घे, पेटंट! लंडनमध्ये विकू!"

सगळे हसले. एकजात सगळे. कुणीतरी म्हणालं, पाडव्याला मठ्ठा आणि बिअर वेगवेगळी करायला नको आता. पुन्हा हशा. शशिधरराव मान खाली घालून उभे.

"मोहन, पंप कुणाला विचारून नेलास?"

"वहिनींना विचारलं की!"

"पंप वहिनींचा होता?"

"अरे, घरातलीच वस्तू ना! एवढं काय त्यात? लग्नाला दोन पिंपं पबमधून मागवू. मंडळातर्फे! आहेर समज."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी सातवी पास माणूस, कमिटीत बोलायची आमची शामत नाही. पण उठलो. म्हटलं, "अहो जोगळेकर, यांच्या मुलीनं बापाच्या हातची वस्तू मागितली होती. तुम्ही तिच्यात आपलं पातेलं रिकामं केलंत. झालं ते झालं, चुकून झालं. पण 'चुकलं' एवढं म्हणायला तुमचं काय जातंय? चकल्या खाताय, दात काढताय! लाज वाटत नाही? माझ्या गावात कुणी दुसऱ्याच्या विहिरीत घागर बुडवली, तरी आधी हाक मारतो!"

मोहन म्हणाला, "नाना, तुम्ही नवीन आहात, तुम्हाला आमची थट्टा कळत नाही."

"मला थट्टा कळते," मी म्हटलं. "तुम्हाला माणूस कळत नाही."

आम्ही बाहेर पडलो. शशिधररावांनी बाटली गटारात ओतली आणि रिकामी बाटली खिशात घातली. लीड्सच्या रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांवर ते आयुष्यभर ओरडले होते, ती सवय अशा वेळीही सुटली नाही. बसस्टॉपवर म्हणाले, "नाना, पबचीच आणू. वरदाला सांगायचं नाही. ती काय, एक घोट घेईल. तिला काय कळणार."

मला त्यांचा त्या वेळी खरा राग आला, पण बोललो नाही. बोलायचं काम आशाताईंनी केलं.

तीन-चार दिवस त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मग एके दुपारी मी चहाला गेलो तेव्हा शशिधरराव फोनवर पबवाल्याशी बोलत होते, पिंपांचं ठरवत होते. आशाताई आल्या आणि त्यांनी फोनचं बटण दाबून फोन बंद केला. मी तर खुर्चीतच आक्रसलो.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "दहादा म्हटलं, अजून दहादा म्हणेन. त्या मोहनला मी घरात घेणार नाही. पण तिला खोटी बिअर पाजायची नाही."

"मग काय करू? वेळ कुठे आहे?"

"तिला फोन करा."

"काय सांगू? बिअर नासली? आईनं नासवली?"

"हो, सांगा! आईनं नासवली सांगा! पण फोन करा. दीड वर्ष पेपर उलटा धरून बसलात तेव्हा मी काही बोलले नाही. त्या पंपाला कुणी हात लावला तर तुम्ही सगळं गाव डोक्यावर घेता, आणि पोरगी दीड वर्ष बोलली नाही तेव्हा तुमचा हा आवाज कुठे गेला होता हो? तेव्हा का नाही ओरडलात?"

शशिधररावांच्या भुवया खाली आल्या. त्यांनी फोन उचलला आणि तिथंच, माझ्यासमोर, आशाताईंसमोर नंबर फिरवला.

"वरदा, बिअर नासली."

तिकडून काही बोलणं झालं. मग यांनी मोहनला दिल्या त्या शिव्या मी इथं लिहीत नाही. मग तिकडून पुन्हा. मग हे ओरडले, "वेळ नाहीये! लग्नाला साडेतीन आठवडे राहिलेत, बिअर म्हणजे काय मॅगी वाटली तुला?" आणि तिकडून ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मलाही खुर्चीत बसल्या जागी ऐकू आलं. "मग आत्ता लावा ना! मी येतेय सॅटर्डेला! तोपर्यंत काही करू नका, आणि आईला ओरडू नका!"

फोन ठेवून ते म्हणाले, "उद्धट आहे कार्टी." पण लगेच उठून गॅरेजात गेले.

त्या आठवड्यात जुन्या नळ्या फेकून दिल्या, नव्या आणल्या. पंपाचं एकेक अंग सोड्याच्या कढत पाण्यात उकळलं. आशाताई जुन्या टूथब्रशनं ते चक्र घासत होत्या आणि हे टॉर्च मारून बघत होते. "अजून एकदा." आशाताईंनी ब्रश त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच घासा."

शनिवारी सकाळी वरदा आली. बापाच्याच भुवया. आल्या आल्या जॅकेट काढून बाह्या वर केल्या, मला म्हणाली, "नानाआजोबा, तुम्ही मोहनअंकलला ओरडलात? ब्रिलियंट!" मला तर वाटलं तिथंच तिची दृष्ट काढावी.

सातू भिजले, रस निघाला, उकळला, निवला. आता तो आंबवायच्या भांड्यात न्यायचा. शशिधरराव म्हणाले, "पंप लाव." आणि हिनं सरळ बटण दाबलं. तोटी बंदच. पंप कोरडाच केकाटायला लागला.

"बंद कर! बंद कर! जळेल! अक्कल आहे का? आधी तोटी, मग पंप! कोरडा चालवतात का कधी!"

"मग आधी सांगा ना!" ती उलट कडाडली. "यू नेव्हर टेल मी, बाबा, यू जस्ट शाउट!"

"मी ओरडत नाहीये!"

अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं असेल. समोरचं कुत्रं पुन्हा सुरू झालं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो.

"दीड वर्ष फोन का केला नाहीस?" शशिधरराव म्हणाले. असंच, मध्येच, त्याच आवाजात.

"तुम्ही का नाही केला?"

"तू फोन ठेवलास!"

"हो! आणि मग मी रोज वाट बघितली! रोज! मला वाटला तुम्ही परत करणार आणि मला अजून ओरडणार! तुम्ही काहीच नाही केलात. यू जस्ट वेंट क्वायट. मला घाबरवलात तुम्ही!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज खाली आला नाही. बापाची लेक.

शशिधरराव मग खाली वाकले, पंप नीट भांड्याखाली सरकवला. म्हणाले, "तोटी उघड."

तिनं उघडली.

"थांब. त्याचं पोट भरू दे. बघ, बुडबुडा वर गेला. आता दाब."

तिनं दाबलं. काळसर तांबूस रस पारदर्शक नळीतून वर चढला, वळला आणि दुसऱ्या भांड्यात पडायला लागला. दोघंही नळीकडेच बघत होती. मग ती नळी थोडी हलली आणि शशिधररावांनी पुन्हा तिला फैलावर घेतलं, आणि तिनंही उलट सुनावलं, आणि दुपारभर दोघं अशी भांडत होती की राजीव घरून विचारायला आला, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, तू जा.

लग्न मेच्या शेवटच्या सुट्टीच्या दिवसांत, लीड्सबाहेर एका मैदानात तंबू ठोकून झालं. बिअर अजून कोवळी होती. तळाचा गाळ नीट बसला नव्हता. कुणीतरी पिंप हलवून ठेवलं आणि ती गढूळ आली, तर शशिधरराव सूट घालून पिंपाशेजारी उभे राहिले आणि हलवणाऱ्या प्रत्येकाला मराठीत झापायला लागले. गोऱ्यांना वाटलं हा लग्नाचाच काही विधी असावा. इयनच्या वडिलांनी तीन पेले घेतले आणि चौथ्याला म्हणाले, गढूळ असली तरी माणसाच्या हातची आहे.

मोहन आला होता. आशाताईंनी सगळं मंडळ बोलावलं होतं, त्यातून एकाला वगळता येत नाही. तो हसत हसत पिंपाच्या नळापाशी गेला, पेला पुढे केला. शशिधरराव तोंड उघडणार, एवढ्यात नवरी मुलगी शालू सावरत आली आणि म्हणाली, "अंकल, नळाला हात लावायचा नाही. बाबा भरून देतील, त्यांना वाटला तर."

शशिधररावांना वाटलं नाही. मोहन संत्र्याचा रस प्यायला. अजूनही त्या दोघांचं बोलणं नाही, आणि मी काही समेट घडवून आणलेला नाही. आणणारही नाही. त्यानं अजून 'चुकलं' म्हटलेलं नाही.

परवा रविवारी मी कुंपणापाशी उभा होतो. आशाताई कपडे वाळत घालत होत्या, आणि आतून शशिधररावांचा फोनवरचा आवाज येत होता. इयननं म्हणे बाजारातून डब्यातलं तयार पीठ आणून बिअर लावलीय, आणि वरदानं त्याला लावू दिलीय. "डब्यातलं! माझी मुलगी असून डब्यातलं म्हणतेस! लाज आहे का?" आणि तिकडून तीही काहीतरी जोरात सांगत असणार, कारण मधूनमधून हे गप्प होऊन ऐकत आणि पुन्हा भडकत.

"किती वेळ झाला हो?" मी विचारलं.

"चालू आहे सकाळपासून," आशाताई म्हणाल्या आणि चिमटा दातांत धरून त्यांनी चादर झटकली. "हे ठेवतात, ती करते. ती ठेवते, हे करतात."